पाटी सराफाची, पाणी कुणाचं?

माणूस दुसऱ्याला मदत करतो ती स्वतःसाठीच, असं ठासून सांगणारे शहाणे हल्ली जागोजागी भेटतात. रायपूरच्या सदर बाजारात उन्हाळ्यात सराफ दुकानापुढे प्याऊ, म्हणजे पाणपोई, लावतो, तेव्हा हे लोक आधी पाटीवर बोट ठेवतात : 'वडिलांच्या स्मरणार्थ'. म्हणजे नाव हवं, पुण्य हवं, जमल्यास गिऱ्हाईकही हवं. तहानलेल्याचं कुणाला पडलंय?

या पूर्वपक्षात तथ्य नाही असं नाही. पाटीने नाव होतं, दिल्याने बरंही वाटतं. पण कामामागोमाग जे मिळालं त्यासाठीच काम केलं, हे कशावरून? तापलेल्या पोराच्या कपाळावर रात्रभर पट्ट्या ठेवणाऱ्या आईला ताप उतरल्यावर हायसं वाटतं. तिला आधी पोराची काळजीच नसती, तर हायसं वाटलं असतं का?

डॅनियल बॅट्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८१ साली याचीच परीक्षा घेतली. समोर एका मुलीला विजेचे झटके बसताहेत असं प्रयोगातल्या मुलींना भासवलं. बघवत नसेल तर निघून जायची मुभा होती, किंवा तिच्या जागी स्वतः बसायची. मदत नुसती आपली तगमग थांबवण्यासाठी असती, तर मोकळी वाट मिळताच सगळ्यांनी काढता पाय घेतला असता. तसं झालं नाही. ज्यांचं मन तिच्यात गुंतलं होतं, अशा बहुतेकींनी दार उघडं असूनही तिची जागा घ्यायची तयारी दाखवली.

'मग रस्त्यावर लोक नुसते बघत का उभे राहतात?' हा पुढचा आक्षेप. तोही तपासलेला आहे. अ‍ॅमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाऊन इथल्या २१९ रस्त्यावरच्या भांडणांचं कॅमेऱ्यांतलं चित्रण अभ्यासकांनी पाहिलं. २०१९ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : दहापैकी नऊ वेळा कुणी ना कुणी मध्ये पडलं. मदत हुकते ती बरेचदा घाईमुळे. प्रिन्स्टनला १९७३ च्या प्रयोगात धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांपैकी सवड असलेले ६३ टक्के वाटेतल्या कण्हणाऱ्या माणसापाशी थांबले, घाईतले अवघे १० टक्के. शिकवण एकच, सवड वेगळी! म्हणून मला प्याऊ मोलाचा वाटतो. देण्याची सोय भर वाटेवर, उंबऱ्याशीच झालेली असते. मग पाटीवर नाव का असेना.

आणि पाटीच वाचायची, तर माठांमागे बसलेल्या बाईकडेही बघा. माठांवरची लाल फडकी ती दर थोड्या वेळाने भिजवते, लांब दांड्याच्या पळीने ओंजळीत पाणी ओतते. त्याचे तिला पैसे मिळतात, कबूल. पण उन्हातून आलेला म्हातारा हमाल घटाघट प्यायला लागला की ती पळी आखडते, स्वतःचं स्टूल पुढे सरकवते : "पहिली बइठ ले, बबा." स्टुलाचे पैसे तिला कुणी देत नाही, पाटीवर तिचं नाव नाही, आणि म्हातारा पुन्हा या वाटेने येईलच असंही नाही. सगळा स्वार्थच म्हणणाऱ्यांनी हे स्टूल आपल्या हिशेबात कुठल्या रकान्यात धरलंय, ते सांगावं.