कपाटं शेवटी, वायरी आधी

गेल्या आठवड्यात साताऱ्याच्या एका वाचकाने आपल्या टेम्पो ट्रॅव्हलरचे फोटो पाठवले. सीटा काढलेल्या, सागवानी छटेचा सनमायका, पलंगाखाली चार खोल ड्रॉवर, वर दोन्ही बाजूंना बंद कपाटं. काम देखणं होतं. कित्येक शनिवार-रविवारची मेहनत त्यात दिसत होती. मी विचारलं, बॅटरी कुठे ठेवली? उत्तर आलं, घरच्या इन्व्हर्टरचीच ट्यूब्युलर आहे, पलंगाखाली अगदी मागे. प्लाय उखडल्याशिवाय तिथे हात पोचत नाही.

तेव्हापासून मला चैन नाही.

गाडीत घर थाटताना आपण घराच्या सवयी सोबत आणतो. घरात वायरी आणि नळ भिंतीत गाडले की वर्षानुवर्षं त्यांच्याकडे बघावं लागत नाही. गाडी मात्र रोज हादरते. प्रत्येक गतिरोधक, प्रत्येक खड्डा कुठला तरी स्क्रू, टर्मिनल नाहीतर क्लॅम्प किंचित सैल करत असतो. म्हणून ज्याला जोड आहे, त्याच्यापर्यंत हात पोचलाच पाहिजे. माझ्या पहिल्या गाडीत ओट्यामागचा पाण्याचा एक क्लॅम्प कुंभार्ली घाटात ढिला झाला. चिपळूणला पोचेपर्यंत टाकी निम्मी झाली होती आणि पाणी प्लायखाली मुरलं होतं. तो क्लॅम्प पाव फेरा आवळण्यासाठी अख्खा ओटा काढावा लागला. त्यात दीड दिवस गेला. आता माझ्या गाडीत पाइप किंवा वायरीवरची एकही फळी खिळ्याने ठोकलेली नाही; सगळ्या स्क्रूवर आहेत.

विजेच्या बाबतीत घरचा अनुभव दिशाभूल करतो. १००० वॅटची शेगडी घरी २३० व्होल्टवर साडेचार अँपिअरच्या आतच ओढते. तीच इन्व्हर्टरमधून १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवली, तर बॅटरीतून ८३ अँपिअरहून जास्त प्रवाह निघतो. घराच्या फिटिंगची अडीच एमएमची वायर तिथे तापून वितळेल. बॅटरी ते इन्व्हर्टर ही केबल जाड आणि जमेल तितकी आखूड हवी. बॅटरीच्या प्लस टर्मिनलपासून वीतभर अंतरात मुख्य फ्यूज हवाच. तो टीव्हीसाठी नव्हे, वायर पेटू नये म्हणून असतो. पत्र्याच्या भोकातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट घाला, नाहीतर पत्र्याची धार महिनाभरात वरचं आवरण कापते. आणि ट्यूब्युलर बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. बंद खोक्यात, झोपलेल्या माणसाच्या खाली तिची जागा नाही. लिथियम आयर्न फॉस्फेटची १०० अँपिअर-अवर बॅटरी महाग आहे, पण वजन साधारण १२ किलो, आणि तिच्यातली जवळपास सगळी वीज वापरता येते. शिशाची निम्म्याखाली उतरवत राहिलात तर लवकर मरते.

गॅसबद्दल तर तडजोड नकोच. एलपीजी हवेपेक्षा जड. गळला की जमिनीलगत साचतो. सिलिंडरचा कप्पा आतून घट्ट बंद आणि त्याच्या तळाला थेट बाहेर उघडणारं भोक, हे आधी ठरवा, मग बाकीचा ओटा आखा. शेगडी पेटलेली असताना खिडकी उघडी हवी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

राहिलं सामान. जागा किती उरली असं सगळे विचारतात. वजन किती वाढलं हे कोणी विचारत नाही. १८ मिमी प्लायची आठ-बाय-चारची एक शीट ३५ किलोच्या आसपास भरते, १२ मिमीची २३. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. टाकी आणि बॅटरी खाली, पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्ये. वरच्या कपाटात कपडे, अंथरूण, हलकंच. वर डाळ-तांदळाचे डबे रचले की वळणावर गाडी झोकांडते. लोहचुंबकाच्या कडीवर घाटात ड्रॉवर टिकत नाही, दाबून बसणारं लॉक लावा. आणि आपत्कालीन दरवाजासमोर कपाट, पलंग काहीही येऊ देऊ नका.

कागदाचं काम टाळू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीतल्या नोंदीशी न जुळणारा बदल मनाने करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच स्पष्ट केलं आहे. कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. आरटीओत आधी विचारा, मगच सीटा काढा.

साताऱ्याच्या त्या वाचकाने परवा पलंगाचा प्लाय काढला. आणखी कुणी या रविवारी सुताराला आगाऊ पैसे देणार असेल, तर एक दिवस थांबा. रिकामी गाडी वजनकाट्यावर न्या, पावती घ्या, आणि कंपनीने ठरवलेल्या कमाल वजनातून तो आकडा वजा करा. उरेल तेवढ्यातच तुमचं घर, पाणी आणि तुम्ही सगळे बसायचे आहात.