एका नावाचे दोन इसम

एकाच गावात गणपत नावाचे दोन खातेदार असले, तर दप्तरात बापाचे नाव लिहून त्यांची ओळख पक्की करावी, हे कोणत्याही तलाठ्यास शिकवावे लागत नाही. परंतु डेटाबेसमध्ये साठवून ठेवायची फंक्शने लिहिणारी आमची सुशिक्षित मंडळी मात्र, टेबलातील कॉलमचे जे नाव तेच आपल्या चलास बिनदिक्कत बहाल करतात आणि आपला मनोदय यंत्राने ओळखावा अशी अपेक्षा बाळगतात.

या गाफीलपणाचे फळ काय, हे ओरॅकल कंपनीच्या दस्तऐवजातच सोदाहरण नमूद आहे. ‘लास्टनेम’ नावाच्या चलात ‘किंग’ हे आडनाव ठेवून, ज्याचे लास्टनेम हे लास्टनेमबरोबर असेल त्याची नोंद पुसावी, असा हुकूम सोडला, की तेथे कॉलमचा हक्क वरचढ असल्याने दोन्ही ठिकाणी कॉलमच वाचला जातो, प्रत्येक आडनाव स्वतःशी जुळतेच, आणि किंग आडनावाच्या इसमांबरोबर सारी आस्थापनाच बरखास्त होते. (आडनावाची जागा कोरी असलेला तेवढा बचावतो, कारण कोरी नोंद स्वतःच्याही बरोबरीची मानली जात नाही.) मायएसक्यूएलचा दंडक उलटा, तेथे चल श्रेष्ठ, अनर्थ तोच, फक्त कोऱ्या नोंदीचीही गय नाही.

पोस्टग्रेसही पूर्वी मुकाट्याने चलाचीच बाजू घेई. 2010 साली निघालेल्या 9.0 या आवृत्तीपासून मात्र, नाव संदिग्ध आहे असे बजावून ते काम तेथेच थांबवते, आणि हा उद्धटपणा मला त्या जुन्या आज्ञाधारकपणाहून शतपटीने प्रिय आहे.

हा गोंधळ टाळण्यासाठी पॅरामीटरपुढे ‘पी’ व चलापुढे ‘व्ही’ लावण्याची रूढी दिसायला ओबडधोबड खरी, आणि फंक्शनचे नाव आधी जोडून चलाचा उल्लेख करण्याचा मार्ग अधिक डौलदार. तरी तो डौल एके दिवशी घाईत विसरला जातो, म्हणून माझा कौल ओबडधोबडालाच. एसक्यूएल सर्व्हरने प्रत्येक चलाच्या कपाळी ‘ॲट’चा टिळा सक्तीचा करून हा तंटा मुळातच मिटवला आहे.

जुन्या फंक्शनात अशी नावे बदलायची, तर आतले चल ही घरातली बाब, त्याचे नाव केव्हाही पालटावे. पॅरामीटरचे नाव मात्र चव्हाट्यावरचे, कारण हाक मारणारे त्याच नावाने मूल्य पाठवू शकतात, आणि म्हणूनच पोस्टग्रेस ते जागच्या जागी बदलू देत नाही: आधी फंक्शन मोडा, मग नव्याने उभारा, असा त्याचा करडा हुकूम आहे.