टेलरचे पहिले पान आणि जोयड्याचे रान

व्यवस्थापनाचा इतिहास शिकवायची वेळ आली की आपले प्राध्यापक दोनपैकी एक दार ठोठावतात. पहिले दार फिलाडेल्फियाचे. तिथे फ्रेडरिक टेलर नावाचा इंजिनिअर स्टॉपवॉच घेऊन उभा असतो. १९११ साली त्याचे पुस्तक निघते आणि त्या दिवसापासून माणसाला काम नीट करायची अक्कल येते. दुसरे दार पाटलीपुत्राचे. ते उघडले की कौटिल्य, आणि श्रोते मराठी असतील तर त्याच्या पाठोपाठ शिवछत्रपती, 'मॅनेजमेंट गुरू' म्हणून हजर. एक पक्ष म्हणतो, हे शास्त्र तिकडून इकडे आले. दुसरा म्हणतो, छे, ते इथेच होते, आपण विसरलो. हे भांडण ऐकून कान किटले आहेत. दोघांचे म्हणणे परस्परविरुद्ध दिसत असले तरी दोघांची खोड एकच आहे: कारभार म्हटला की दोघांनाही वरून हुकूम सोडणारा एक थोर पुरुष लागतो. हुकूम ज्याच्या अंगणात येऊन पडला त्याचाही काही कारभार होता, हे दोघांच्याही गावी नसते.

म्हणून हा वाद वर्गात न सोडवता मी जोयड्याला नेतो.

जोयडा हा कारवार जिल्ह्यातला, कागदोपत्री उत्तर कन्नड जिल्ह्यातला, सह्याद्रीच्या माथ्यावरचा तालुका. पश्चिमेला गोवा, उत्तरेला बेळगाव जिल्ह्याचे खानापूर. काळी नदी इथल्याच डिग्गीजवळ उगम पावते. तालुक्याचे जुने ठाणे सुपा; ते याच नदीवरच्या धरणात बुडाले आणि कचेरी जोयड्याला आली. रानात कुणब्यांच्या वाड्या, घरात कोंकणी, रामनगरच्या बाजारात मराठी, कचेरीत कन्नड. आणि या सगळ्यावर व्याघ्र प्रकल्पाचे पांघरूण: २००७ पासून दांडेली-अणशी या नावाचे, २०१५ पासून 'काळी' या नावाचे. मॅनेजमेंटच्या पुस्तकात असे गाव सापडायचे नाही. सापडले पाहिजे, हाच माझा पक्ष.

आधी पहिल्या दाराचा समाचार घेऊ. टेलरची गोष्ट म्हणून जी सांगतात तिचा गाभा म्हणजे 'श्मिट' नावाचा मजूर. बेथलेहेम पोलाद कारखान्यात तो दिवसाला साडेबारा टन बीड उचलत असे. टेलरने त्याला शास्त्रशुद्ध उचलायला आणि शास्त्रशुद्ध विसावा घ्यायला लावले आणि तोच गडी साडेसत्तेचाळीस टन उचलू लागला. १९७४ साली दोन अमेरिकन संशोधकांनी जुनी कागदपत्रे उलगडून दाखवले की ही कहाणी टेलरने आपल्या सोयीने रंगवली होती. पन्नास वर्षे झाली. वर्गातला श्मिट अजून बीड उचलतोच आहे. मॅस्लोच्या गरजांच्या पिरॅमिडचेही तेच. तो पिरॅमिड मॅस्लोने कधी काढलाच नव्हता. तो दुसऱ्यांनी काढला आणि त्याच्या नावावर चढवला. इतिहास म्हणून आपण शिकवतो ते पुष्कळदा पाठ्यपुस्तकांनी एकमेकांच्या वह्यांतून उतरवलेले असते.

पण यापेक्षा मोठी गोष्ट टेलरच्या पहिल्याच पानावर आहे आणि ती वाचायची तसदी कोणी घेत नाही. त्या पानावर कारखाना नाही. तिथे आहे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट, आणि विषय आहे राष्ट्राच्या साधनसंपत्तीच्या जतनाचा. जंगले नाहीशी होताना डोळ्यांना दिसतात, माती वाहून जाताना दिसते, पण माणसाच्या श्रमाची नासाडी दिसत नाही, अशी टेलरच्या युक्तिवादाची सुरुवात आहे. म्हणजे त्याचे शास्त्र जगापुढे आले ते रान राखण्याच्या चळवळीच्या खांद्यावर बसून. रूझवेल्टने १९०८ साली राज्यांच्या गव्हर्नरांची जी परिषद भरवली, तिच्यामागचा माणूस गिफर्ड पिंचो, अमेरिकेच्या वनखात्याचा पहिला प्रमुख. आणि पिंचोचा गुरू कोण? डीट्रिश ब्रँडिस. जातीचा जर्मन, १८५६ पासून ब्रह्मदेशातल्या पेगूच्या सागवानाचा कारभारी, १८६४ पासून हिंदुस्थानच्या साऱ्या सरकारी जंगलांचा मुख्य अधिकारी. निवृत्त होऊन तो बॉनला राहायला गेला. तरुण पिंचोने जंगलशास्त्र कुठे आणि कसे शिकावे हे त्याने ठरवून दिले. (१९१० साली रेल्वेदरांच्या खटल्यात 'शास्त्रीय व्यवस्थापन' हे नाव गाजवणारा वकील ब्रँडाइस निराळा. नावे जुळी वाटतात, माणसे नव्हेत.)

टेलर आणि जंगलरक्षणाची चळवळ यांचे नाते मी शोधलेले नाही. व्यवस्थापनाच्या इतिहासाची नवी मांडणी करणाऱ्या चार अभ्यासकांनी २०१७ सालच्या आपल्या पुस्तकात ते ठळकपणे मांडले आहे. मला त्या साखळीची आपल्या बाजूची कडी हलवून दाखवायची आहे.

ब्रँडिसच्या खात्याचे मुख्य हत्यार होते 'कार्य आयोजना'. आजही वनखात्यात हाच शब्द चालतो. जंगल मोजायचे, झाडांच्या बुंध्यांचा घेर नोंदवायचा, रानाचे कूप, म्हणजे तोडीचे तुकडे, पाडायचे, दर वर्षी एक कूप तोडायचा. फेरी संपेपर्यंत पहिला कूप पुन्हा तयार. ठरवणारा साहेब, तोडणारा मजूर. ठरवणाऱ्याने तोडायचे नाही आणि तोडणाऱ्याने ठरवायचे नाही. टेलरच्या शास्त्राचा कणा यापेक्षा वेगळा कुठे आहे? विचार करणे आयोजन विभागाकडे, हात चालवणे कामगाराकडे.

यावर आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे: टेलर हे मिडव्हेलच्या पोलाद कारखान्यातल्या लेथवर शिकला, जंगलात नव्हे. कबूल. तो मिडव्हेलला लागला १८७८ साली. हिंदुस्थानचा दुसरा वनकायदा त्याच वर्षीचा, पण हा निव्वळ योगायोग आहे आणि त्यावर मी इमला बांधत नाही. सुपे महालातून फिलाडेल्फियाला कोणी टपाल धाडले नव्हते. माझे म्हणणे एवढेच, की 'आधी कारखाना, मग उरलेले जग' हा क्रम खोटा आहे. हजारो मैलांवरचे, हजारो माणसांचे काम कागदावरून हाकण्याची विद्या साम्राज्याच्या जंगलांत, चहाच्या मळ्यांत, गुलामांच्या कापूस-मळ्यांत आणि रेल्वेत मुरत होती. कारखाना तिचा एकुलता एक बाप नव्हे. रेल्वेचे श्रेय तर अमेरिकन इतिहासकार आल्फ्रेड चँडलर यांनी १९७७ सालीच मान्य केले. १८५५ साली न्यूयॉर्क-ईरी रेल्वेसाठी अधिकाराच्या उतरंडीचा जो पहिला नकाशा काढला गेला, त्याचा आकार काय होता ठाऊक आहे? झाडाचा. जोयडा तालुक्यातल्या आमच्या कॅसलरॉकला रेल्वे पोचून ब्रिटिश आणि पोर्तुगीज मुलखांतले रूळ जुळले ते १८८८ साली. दोन साम्राज्ये, दोन जकाती, एक रूळ. संघटनेचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने या एका स्टेशनावर मुक्काम ठोकला तरी त्याची पदवी पदरात पडेल.

आता त्या कार्य आयोजनेखाली काय गाडले गेले ते पाहू. कुणब्यांची कुमरी. डोंगरउतारावरची झाडी उन्हाळ्यात छाटायची, वाळवायची, जाळायची. पावसाच्या तोंडावर राखेत नाचणी, वरी पेरायची. एक-दोन पिके काढून ती जागा सोडायची आणि पुढच्या उतारावर सरकायचे. सोडलेली जागा वर्षानुवर्षे पडीक. रान परत वर आले की पुन्हा तिकडे वळायचे. छाटणी, राखण, कापणी सारे मिळून. आपल्याकडे जिला सावड म्हणतात तीच रीत. साहेबांनी याला उधळपट्टी म्हटले. मद्रास सरकारने १८६० च्या सुमारास कुमरीला परवानगीच्या दाव्याला बांधले. १८६२ साली उत्तर कानडा मुंबई इलाख्यात आला आणि दावे आखूड होत गेले.

आता दोन्ही पद्धती शेजारी ठेवून बघा. रानाचे तुकडे, दर वर्षी एक, फेरी पुरी झाली की पुन्हा पहिला. कुमरी आणि कार्य आयोजना यांचे हाड एकच आहे! फरक एवढा की एकीत पीक नाचणीचे, दुसरीत सागाचे. एकीचे गणित म्हाताऱ्यांच्या डोक्यात, दुसरीचे वहीत. वही असलेल्याला शास्त्रज्ञ म्हटले गेले, नसलेल्याला जंगलजाळ्या. आणि हे साहेबाला कळत नव्हते म्हणावे तर तसेही नाही. ब्रह्मदेशात ब्रँडिसने कारेन लोकांच्या अशाच फिरत्या शेतीला हाताशी धरले: पिकाबरोबर सागाची रोपे लावा, शेत सोडाल तेव्हा मागे सागवान उरेल. तौंग्या म्हणतात तिला. म्हणजे जी पद्धत कानड्यात अडाणी ठरली तीच पेगूत खात्याच्या कामी आली तेव्हा शास्त्रशुद्ध झाली.

मी ब्रँडिसला खलनायक करत नाही. गावांना स्वतःची जंगले असावीत असे त्याचे मत होते. १८७८ च्या कायद्यात ते हरले आणि सगळे सरकारी करणाऱ्यांची सरशी झाली. कुमरीलाही मी देव्हाऱ्यात बसवत नाही. माणसे वाढली, पडीक वर्षे घटली, की तीच कुमरी डोंगर उघडा पाडते. पण 'व्यवस्था बिघडली' आणि 'व्यवस्था नव्हतीच' या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि आपली पाठ्यपुस्तके दुसऱ्या वाक्यावर उभी आहेत. महात्मा फुल्यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये वनखात्यावर कोरडे ओढले. व्यवस्थापनाच्या किती अभ्यासक्रमांत तो ग्रंथ लावलेला आहे?

शास्त्र जिंकले तर जिंकले, निदान रान तरी राखले का? दांडेलीचा हिशेब बघा. तिथे १९५० च्या दशकात वेस्ट कोस्ट पेपर मिल उभी राहिली आणि सरकारने तिला बांबू दिला टनाला दीड रुपया दराने. बुरुडाला मात्र बाजारभाव. वीसेक वर्षांत बांबू संपत आला, तेव्हा बोट दाखवले गेले गावकऱ्यांकडे आणि त्यांच्या गुरांकडे. कर्नाटक सरकारने चौकशीला नेमले माधव गाडगीळांना. ते रानात हिंडले, लोकांशी बोलले. बांबूच्या बेटाच्या बुडाशी काट्यांचे दाट जाळे असते. ते काढून टाकले की बेट मोकळे होऊन वाढ चांगली होईल, असे वनखात्याचे शास्त्र सांगत होते आणि त्याप्रमाणे काटे काढले जात होते. गावकरी म्हणत, ते काटेच कोवळ्या कोंबांचे राखणदार आहेत. ते गेले की गुरे आणि रानटी जनावरे कोंब फस्त करतात. गाडगीळांच्या अभ्यासात गावकऱ्यांचे म्हणणे खरे ठरले. ठरवणारा आणि तोडणारा वेगळे केले की काय होते, याचे यापेक्षा चोख उदाहरण मला कुठल्याही केस-स्टडीत भेटलेले नाही.

इथवर वाचून पाटलीपुत्राच्या दाराशी उभे असलेले टाळ्या वाजवत असतील. त्यांनी हात जरा आवरावेत. अर्थशास्त्राची पोथी शामशास्त्रींनी म्हैसूरला छापून काढली १९०९ साली, टेलरच्या पुस्तकाआधी दोनच वर्षे. शतकानुशतके जो ग्रंथ हरवलेला होता त्यावरून आपल्या गावांचा कारभार चालत होता, असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? आणि त्यात रानाविषयी आहे काय? वनोपज गोळा करणारा सरकारी कुप्याध्यक्ष आहे, हत्तींची राखीव वने आहेत, आणि रानात राहणारी माणसे आहेत ती 'आटविक' म्हणून: कामाला लावावीत, पण नजर ठेवावी अशी. कौटिल्य आणि वनखाते एकाच खुर्चीवर बसून रानाकडे बघतात. कुणब्याला त्यातली कुठली खुर्ची देशी आणि कुठली विलायती, याने काय फरक पडतो?

शिवकालाचेही तसेच. 'नेतृत्वाची सूत्रे' काढणाऱ्या पुस्तकांचा ढीग पडला आहे; पण १७१६ च्या सुमाराचे रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र त्या नजरेने वाचले की त्यातला जीव जातो. आरमाराला लाकूड लागते, पण रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नका, ती झाडे त्यांनी लेकरांसारखी वाढवली आहेत, अशा अर्थाची आज्ञा त्यात आहे. हे सुभाषित नाही. जहाजबांधणी आणि रयत यांच्यात झाडावरून जी ओढाताण चालू होती तिची ती नोंद आहे. ओढाताण होती म्हणून आज्ञा लागली. इतिहास त्या ओढाताणीत आहे.

मग देशी संघटनेचा इतिहास शोधायचा कुठे? घाट उतरून गोव्यात या. तिथली गावकारी, पोर्तुगीजांची कोमुनिदाद. १५२६ साली अफोंसो मेशिया याने तिच्या रूढी लिहून काढल्या. म्हणजे संस्था त्याहून जुनी. जमीन गावाची, खाडीकाठच्या खाजण शेतीच्या बांधांची निगा सामाईक, हिशेबाला कुळकर्णी, आणि खर्च वजा जाता उरलेल्यातून गावकारांना जोण, म्हणजे आजच्या भाषेत डिव्हिडंड. फिलीप नेरी शाव्हियेर यांनी १८५२ साली तिच्यावर पुस्तक लिहिले, दामोदर कोसंबींनी जुन्या काबिजादींतल्या या गावसंस्थेवर निबंध लिहिला. साहित्य हाताशी आहे. पण इथेही गोडवे गाणे पुरे. जोण मिळे ती गावकार घराण्यांतल्या पुरुषांना. चिखल तुडवणाऱ्या बाया आणि कुळे हिशेबाबाहेर. खाजणाचा बांध पाचशे वर्षे टिकवणारी संस्था आणि माणसांना बाहेर ठेवणारी संस्था एकच होती. दोन्ही गोष्टी एका वाक्यात म्हणता आल्या पाहिजेत.

माझा सिद्धान्त म्हणाल तर त्याला मराठीत नेमका शब्द आहे: वहिवाट. जमीन कोण कसतो आणि कारभार कोण बघतो, दोन्ही अर्थ त्यात नांदतात. व्यवस्थापनाचा इतिहास म्हणजे वहिवाटींचा इतिहास. कोणाची वहीत चढली, कोणाची खोडली गेली आणि खोडणाऱ्याने तिचे काय काय उचलून स्वतःच्या नावावर लावले, याचा शोध. टेलर त्यात राहीलच, कौटिल्यही राहील. मात्र पहिल्या धड्यात नाही.

बेळगाव, धारवाड, पणजी, कोल्हापूर इथल्या व्यवस्थापन-संस्थांना माझी सूचना साधी आहे. पहिल्या सत्रातला श्मिटचा तास रद्द करा. त्या पैशांत मुलांना बसने जोयड्याला आणा. इथले कुणबी दर वर्षी कंदमुळांचा मेळा भरवतात, तेव्हा आणलेत तर उत्तम. एका हातात वनखात्याची कार्य आयोजना द्या, समोर कुमरी पाहिलेला एखादा म्हातारा बसवा, आणि मुलांना त्याच्याकडून शिकून यायला सांगा की सोडलेल्या उताराकडे परत कधी वळायचे हे कशावरून ठरत असे. ती माणसे आता फार उरलेली नाहीत. हे याच वर्षी करा.