महालातील घर, कुरुदमधील वारस

विकायला काढलेले जुने घर ही वरकरणी एका कुटुंबाची खासगी बाब असते. मात्र नागपूरच्या महाल भागात किंवा पुण्याच्या कसबा, शनिवार पेठांत असे घर विक्रीस निघते, तेव्हा त्या व्यवहारात सत्तर वर्षांचे कायदे, राज्यांच्या सीमा आणि देशभर पांगलेली भावंडे यांचा हिशेब एकाच वेळी मांडावा लागतो. या हिशेबातील एक महत्त्वाचा पक्ष बहुतेकदा दूर राहणारा असतो. नागपूरच्या बाबतीत तो अनेकदा छत्तीसगडमध्ये, भिलाईत असतो. पोलाद कारखान्याची वसाहत सोडून कोहका, कुरुद अशा वस्त्यांत स्वतःचे घर बांधलेल्या निवृत्त कामगाराच्या कुटुंबाला मूळ घराचा सोळावा हिस्सा मिळणार की नाही, हा प्रश्न दिसतो तेवढा किरकोळ नाही. (हे कुरुद भिलाई महापालिकेच्या हद्दीतले, धमतरी जिल्ह्यातील त्याच नावाचे गाव वेगळे.)

नागपूर आणि दुर्ग-भिलाई यांचा संबंध कारखान्याहून जुना आहे. नागपूरकर भोसल्यांची सत्ता अठराव्या शतकाच्या मध्यास छत्तीसगडात पोहोचली आणि बिंबाजी भोसले यांनी १७५८ पासून १७८७ पर्यंत रतनपूरहून कारभार पाहिला. त्या काळापासून मराठी कुटुंबे तेथे स्थिरावली. रायपूरची तात्यापारा ही वस्ती त्याची खूण आहे. हिंदी पत्रकारितेतील मानाचे पान ठरलेले 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक १९०० साली पेंड्र्याहून काढणारे माधवराव सप्रे मराठीभाषकच होते. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, तरी पुढे मध्य प्रांताची राजधानी नागपूरच राहिल्याने दुर्गच्या माणसाला कचेरीसाठी, कॉलेजसाठी नागपूर हेच शहर होते.

हे चित्र १ नोव्हेंबर १९५६ रोजी बदलले. राज्य पुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले, दुर्ग-रायपूर मध्य प्रदेशात राहिले. नेमक्या त्याच सुमारास भिलाईची उभारणी सुरू होती. भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. राजधानीचा दर्जा गमावलेल्या नागपुरातील अनेक तरुणांनी रेल्वेने सुमारे अडीचशे किलोमीटरवर असलेल्या या नव्या नगरात नोकरी धरली. मागे महालातले घर होते, तेथे थोरला भाऊ होता, आणि सणावाराला परतण्याची खात्री होती.

भिलाईतील घराचे वैशिष्ट्य असे, की ते नोकरीसोबत मिळते आणि नोकरीसोबत जाते. सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाचा तेथील एका विटेवरही हक्क नसतो. दोन हजारच्या दशकाच्या आरंभी कारखान्याने काही हजार घरे दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने कर्मचाऱ्यांना दिली, पण सगळ्यांच्या वाट्याला ती आली नाहीत. उरलेल्यांनी वसाहतीबाहेर भूखंड घेतले. कुरुदसारख्या पूर्वीच्या गावांची नागरी वस्ती होण्यामागे कारखान्याचा हा निवृत्तीचा नियमही आहे. आयुष्यात प्रथमच स्वतःचे घर बांधताना पैशांची चणचण भासली, की नागपूरच्या घरातील हिश्शाची आठवण होते. भावाभावांतील पहिला अवघड पत्रव्यवहार येथूनच सुरू होतो.

वडिलोपार्जित म्हणजे नेमके काय?

आपल्याकडे आजोबांचे कोणतेही घर सरसकट 'वडिलोपार्जित' म्हटले जाते आणि त्यात नातवाचा जन्मतः हक्क असल्याचे गृहीत धरले जाते. कायद्याचे म्हणणे वेगळे आहे. आजोबांनी स्वकमाईने घेतलेले घर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानंतर वारसाने मुलाकडे आले असेल, तर ते त्या मुलाची स्वतंत्र मिळकत ठरते. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये चंदर सेन खटल्यात हे स्पष्ट केले. बाप हयात असताना नातवाला त्यात वाटा मागता येत नाही. एकत्र कुटुंबाची खरोखरीची सामाईक मिळकत मात्र निराळी. तेथे जन्मसिद्ध हक्क लागू होतो. घर कोणत्या प्रकारात मोडते हे ठरवल्याखेरीज केलेली वाटणीची प्रत्येक बैठक वायफळ ठरते, आणि बहुसंख्य बैठका अशाच ठरतात.

उदाहरणादाखल हिशेब मांडून पाहू. समजा, स्वकमाईचे घर ठेवून आजोबा मृत्युपत्र न करता वारले. आजी आधीच गेलेल्या. दोन मुलगे, दोन मुली. प्रत्येकी पाव हिस्सा. घरातच राहिलेला थोरला मुलगा वारला; त्याची पत्नी व दोन मुलगे यांना प्रत्येकी बारावा हिस्सा. धाकटा भिलाईला वारला. त्याची पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी यांना प्रत्येकी सोळावा. थोरली आत्या अमरावतीस हयात आहे, तिचा पाव हिस्सा शाबूत आहे. धाकटी आत्या जबलपूरला वारली. तिचे यजमान व दोन मुले यांना प्रत्येकी बारावा. एका घराच्या विक्रीखतावर आता अकरा सह्या लागतील. घराला ऐंशी लाख रुपये आले, तर कुरुदच्या घरातील प्रत्येकाच्या हाती पाच लाख पडतील, आणि कुटुंबाचे मिळून वीस लाख होतील. एवढ्या रकमेसाठी चार शहरांतून अकरा माणसांची एका दिवशी जमवाजमव करावी लागते.

यातील आत्यांचा हिस्सा हा आजच्या घडीचा कळीचा मुद्दा आहे. जुन्या कायद्याच्या २३ व्या कलमानुसार, कुटुंबीयांच्याच पूर्ण वहिवाटीत असलेल्या राहत्या घराची वाटणी मुलींना मागता येत नव्हती. भावांनी वाटणी करायचे ठरवीपर्यंत त्यांनी थांबायचे होते. विवाहित मुलीला तर तेथे राहण्याचाही हक्क नव्हता. हे कलम ९ सप्टेंबर २००५ रोजी रद्द झाले. सामाईक मिळकतीत मुलींना समान हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्येच केली होती, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळले होते. केंद्राच्या २००५ च्या दुरुस्तीने तो भेद मिटवला आणि विनीता शर्मा खटल्यात ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने वडील २००५ मध्ये हयात असण्याची अटही काढून टाकली. 'आमची तोंडी वाटणी पूर्वीच झाली' हा भावांचा नेहमीचा युक्तिवाद या निकालाने बराच दुबळा केला. तोंडी वाटणी सार्वजनिक दस्तऐवजांच्या आधाराने निःसंशय सिद्ध झाली, तरच अपवाद म्हणून ती ग्राह्य धरली जाते.

तरीही प्रत्यक्षात हक्कसोडपत्रावर सही करणाऱ्या बहिणींची संख्या मोठी आहे. माहेर तुटू नये ही भावना त्यामागे असते, आणि तिची खिल्ली उडवण्याचे कारण नाही. परंतु घर विकायचेच ठरले असेल, तर ज्या माहेरासाठी हक्क सोडायचा ते माहेरच वास्तू म्हणून उरणार नसते. अशा वेळी बहिणीने सही देऊन पैसे भावांनी वाटून घेणे याला रीत म्हणता येणार नाही.

भाडेकरू आणि खिडकीबाहेरचा रस्ता

शहराच्या जुन्या भागातील घराला वारसांखेरीज आणखी एक दावेदार असतो, तो म्हणजे भाडेकरू. नागपुरात १९४९ चा मध्य प्रांत व वऱ्हाड घरभाडे नियंत्रण आदेश पन्नास वर्षे लागू होता. त्याखाली भाडेकरूला साधी नोटीस देण्यापूर्वीही भाडे नियंत्रकाची परवानगी घ्यावी लागे. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा राज्यभर लागू झाला आणि दावे दिवाणी न्यायालयांकडे गेले. वार्षिक चार टक्के भाडेवाढीची मुभा मिळाली. पण मुळातच नगण्य असलेल्या भाड्यावर चार टक्के म्हणजे किती, हे घरमालकांना विचारावे. शिवाय भाडेकरूच्या मृत्यूनंतर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेहक्क जातो. रस्त्याकडील दोन खोल्यांत दुकान असेल, तर आतल्या घराची किंमत त्या दुकानदाराच्या मर्जीवर ठरते. ज्या दुकानदाराने तीस वर्षे त्या भिंतींची डागडुजी केली, त्याची बाजूही अगदीच पोकळ नसते.

महालाचे स्थानमाहात्म्य निर्विवाद आहे. गांधी गेट, भोसल्यांचा वाडा, चिटणवीस वाडा, कोतवाली, रुक्मिणी मंदिर ही सगळी ठिकाणे चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. पण जुन्या पेठेतील पत्ता प्रतिष्ठेचा आणि रस्ता अरुंद, अशी स्थिती असल्याने ग्राहक घरासाठी येत नाही, जागेसाठी येतो. केळीबाग रस्त्याच्या रुंदीकरणाने दाखवून दिले, की आराखड्यातील एक रेष घराची खोली निम्म्यावर आणू शकते. काही मिळकती नझूल भाडेपट्ट्यावर आहेत, म्हणजे जमीन शासनाची आणि इमारत आपली. हे आखीव पत्रिका काढल्यावरच वारसांना कळते. त्यातच जुने दस्त मोडी लिपीत असतात. भिलाईत हिंदी माध्यमात शिकलेली तिसरी पिढी देवनागरी सहज वाचते, पण पणजोबांचे खरेदीखत तिला नुसती नक्षी वाटते.

पुण्यात हीच अडचण वेगळ्या रूपात दिसते. शनिवारवाडा केंद्रीय संरक्षित स्मारक असल्याने १९९२ च्या अधिसूचनेनुसार आणि पुढे २०१० च्या कायद्यानुसार त्याच्या सभोवार शंभर मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई आहे. त्यापलीकडील दोनशे मीटरमध्ये परवानगी लागते. दुरुस्तीची वाट उरते. पण मोडकळीस आलेल्या लाकडी वाड्याची डागडुजी किती काळ पुरेल? पाडून बांधता येत नाही म्हणून विकसक येत नाही, आणि विकसक येत नाही म्हणून वारसांना किंमत मिळत नाही. ज्या पेशवाईच्या स्मृतीसाठी ही बंदी आहे, त्याच काळातील राहते वाडे तिच्यामुळे ढासळत आहेत. स्मारकाचे स्वरूप आणि परिसर न पाहता देशभर एकच अंतर लावणाऱ्या या नियमाचा फेरविचार व्हायला हवा, असे म्हणण्यास वाव आहे.

सार्वजनिक मोल असलेल्या घराचीही परवड चुकत नाही. बुधवार पेठेतील भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा सुरू केली. ही वास्तू स्मारकासाठी घेण्याचा वाद दुकानदार-भाडेकरूंमुळे वर्षानुवर्षे न्यायालयात अडकला. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो निकाली निघाला आणि डिसेंबरमध्ये महापालिकेने जीर्ण वाडा पाडला. एवढ्या मोठ्या घराची ही गत, तर कुणा लेखनिकाच्या दोन मजली घराची काय कथा!

अडलेल्याला घाई

सगळे वारस राजी नसतील तर काय, हा यापुढचा प्रश्न. एकट्याला आपला अविभक्त हिस्सा त्रयस्थास विकता येतो, परंतु त्या खरेदीदाराला राहत्या घरात कुटुंबासोबत ताबा मागता येत नाही. त्याने वाटणीचा दावा लावलाच, तर १८९३ च्या वाटणी कायद्याखाली कुटुंबीय त्याचा हिस्सा विकत घेऊ शकतात. त्यापूर्वीच, उत्तराधिकार कायद्याच्या २२ व्या कलमानुसार इतर वारसांना खरेदीत अग्रहक्क आहे. किमतीवर एकमत झाले नाही, तर न्यायालय ती ठरवते. ही तरतूद चांगली असूनही फारशी वापरली जात नाही, कारण घरात राहणाऱ्या भावाकडे पैसा नसतो आणि पैसा असलेल्या पुतण्याला घर नको असते. शिवाय दावा मिळकत असलेल्या ठिकाणीच चालतो. त्यामुळे कुरुदच्या वारसाला प्रत्येक तारखेस नागपूर गाठावे लागते. डिसेंबर २०२२ पासून बिलासपूर-नागपूर वंदे भारत धावते. प्रवास सुकर झाला, पण तारखांची संख्या त्याने कमी होत नाही.

या फेऱ्यांना कंटाळून अनेक जण मुखत्यारपत्र देऊन मोकळे होतात. विक्रीखतावर आपल्या वतीने सही करण्यासाठी नोंदणीकृत मुखत्यारपत्र देण्यात गैर काही नाही. पण मुखत्यारपत्रालाच विक्री समजून पैसे घेणे धोक्याचे आहे; अशा कागदाने मालकी हस्तांतरित होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगितले आहे. दूर राहणाऱ्या नातलगाला सर्वांत कमी दर याच मार्गाने सांगितला जातो.

करांचेही भान हवे. २३ जुलै २०२४ पासून दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यावर साडेबारा टक्के दर आला आणि महागाई निर्देशांकाची सवलत गेली; पण त्या तारखेपूर्वीच्या जमीन-घरासाठी निवासी व्यक्तींना जुन्या पद्धतीने वीस टक्क्यांचा हिशेब करून कमी कर निवडता येतो. जुन्या घराची मूळ किंमत म्हणून १ एप्रिल २००१ चे बाजारमूल्य धरता येते, म्हणून त्या तारखेचे मूल्यांकन विक्रीआधी करून घ्यावे. ऑक्टोबर २०२४ पासून एकूण व्यवहार पन्नास लाखांवर असेल, तर विक्रेते कितीही असले तरी ग्राहक एक टक्का कर कापून घेतो. म्हणजे वरच्या उदाहरणात पाच लाख मिळणाऱ्या सुनेच्याही रकमेतून तो कापला जाईल आणि तिच्याजवळ पॅन कार्ड नसेल तर अधिक दराने कापला जाईल. एखादा वारस परदेशस्थ असल्यास त्याचा हिशेब आणखी निराळा.

एवढे सोपस्कार पार पडून सौदा झाला, तर घर पाडले जाते. सागवानी खांब, तुळया आणि दारांच्या चौकटी जुन्या लाकडाचे व्यापारी नेतात. या लाकडाची किंमत विक्रीखतात क्वचितच स्वतंत्रपणे लिहिलेली असते आणि ती बहुधा ताबा घेणाऱ्याच्या खिशात जाते. सौदा करताना देवघर आणि माजघराचा दरवाजा वेगळे काढून ठेवण्याची अट घालता येते. कुरुदच्या नव्या सिमेंटच्या घरात ते बसवायचे, तर चौकटीचे माप आधी घेऊन ठेवावे लागते.