सावध कुणी राहायचं?

ओटीपी सांगू नका, अनोळखी लिंक दाबू नका, सावध राहा! बँकेच्या भिंतीवर हेच, महिला मेळाव्याला पोलीस अधिकारी आले की त्यांच्या भाषणातही हेच. ऐकताना मला एक जुनं भाषण आठवतं. अंधार पडल्यावर बाहेर जाऊ नका, अंगभर कपडे घाला, कुणाशी हसून बोलू नका. गुन्हेगार मोकळा आणि सावध राहायची जबाबदारी बाईची, हा हिशेब आपण तिथे कधी मानला नाही. मग मोबाईलवरच्या पैशांच्या बाबतीत तो निमूट का मानायचा?

सूचना चुकीच्या आहेत असं माझं म्हणणं नाही. गटाच्या बैठकीत मीही सांगते, की पैसे यायचे असतील तर पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. हे एवढं घरोघर पोचलं तरी पुष्कळ. पण तेवढ्यावर थांबायचं?

आमच्या केंद्रात येणारी एक बाई पापड-कुरडया करून विकते. तिला मोठ्या ऑर्डरचा फोन आला. "ताई, आगाऊ रक्कम पाठवतो, कोड स्कॅन करा." बोलणं आदबीचं, दारात गिऱ्हाईक उभं, हात पिठात. अकरा हजार गेले. आम्ही दोघी बँकेत गेलो, तर साहेब म्हणाले, "पिन तुम्हीच टाकलात ना? मग आम्ही काय करणार?" घरी नवरा म्हणाला, "तुला कुणी सांगितला होता नसता शहाणपणा?" दोन्ही वाक्यं एकाच शाळेतली. दुसऱ्या दिवसापासून फोन नवऱ्याच्या खिशात. चोराने अकरा हजार नेले, धंदा घरच्यांनी बुडवला.

साहेबांच्या बोलण्यामागे कागद आहे, म्हणून तो वाचला पाहिजे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी काढलेल्या परिपत्रकात आपल्या बाजूचं बरंच होतं. खातेदाराच्या संमतीविना पैसे गेले, त्यात दोष ना तिचा ना बँकेचा, आणि तीन कामकाजाच्या दिवसांत तिने कळवलं, तर तिच्यावर एका पैशाचा बोजा नाही. दोष तिचाच होता हे सिद्ध करायचं काम बँकेचं. कळवल्यानंतर जे जाईल ते नुकसानही बँकेचं. मात्र तिने पिन किंवा ओटीपी कुणाला दिला असेल तर तो निष्काळजीपणा, आणि कळवेपर्यंतचं सगळं नुकसान तिचं. म्हणजे फसवून मिळवलेली संमती ही संमतीच! मथुरा खटल्यापासून आपली चळवळ संमती म्हणजे काय यावर भांडते आहे. बँकांना अजून ते शिकवायचं राहिलं आहे.

दुसरीकडे हे जमवलं गेलं आहे. ब्रिटनमध्ये ७ ऑक्टोबर २०२४ पासून फसगत होऊन ग्राहकाने स्वतः पाठवलेले पैसेही ८५,००० पौंडांपर्यंत परत द्यावे लागतात. निम्मा भार तिच्या बँकेवर, निम्मा चोराचं खातं जिथे आहे त्या बँकेवर. मला त्यातला दुसरा निम्मा भाग फार मोलाचा वाटतो. चोराला खातं कुणीतरी उघडून दिलेलं असतं ना? लग्नानंतर आडनाव जुळत नाही म्हणून आपल्या बायकांना चार हेलपाटे घालायला लावतात. चोराचे कागद मात्र कसे जुळतात?

आपल्याकडेही मनात आणलं की होतं. यूपीआयवर एकाने दुसऱ्याकडे पैसे मागायची विनंती पाठवायची सोय होती. चोर ती 'पैसे मिळतील' म्हणून पाठवत. १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्ती-व्यक्तींमधली ही सोयच बंद झाली. त्याआधी किती वर्षं नुसता उपदेश चालला होता!

आणि बाईचा फोन तिचा तरी असतो का? खात्याला जोडलेला नंबर मुलाचा, पिन नवऱ्याला पाठ. घरातल्याने पैसे काढले तर त्याला फसवणूक कुणी म्हणत नाही. 'लाडकी बहीण'चे दीड हजार बाईच्या खात्यात जातात खरे, पण सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच योजनेच्या ई-केवायसीसाठी नवऱ्याच्या नाहीतर वडिलांच्या आधारवरचा ओटीपी मागितला गेला. विधवांनी, परित्यक्तांनी तो कुठून आणायचा? ओरड झाल्यावर त्यांच्यासाठी वेगळी सोय करावी लागली.

मैत्रिणींनो, गटातल्या कुणाचे पैसे गेले तर आधी १९३० ला फोन लावा, रडणं-रागावणं नंतर. लवकर कळलं तर चोराच्या खात्यातच पैसे अडवता येतात. मग बँकेत लेखी तक्रार. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथे फी नाही. आणि फसलेल्या बाईला परतफेड मिळालीच पाहिजे, चोराचं खातं उघडणाऱ्या बँकेनेही ती भरली पाहिजे, हा ठराव प्रत्येक गटाने करून रिझर्व्ह बँकेला पाठवावा. बँकेत एकटीने जाऊ नका, तिघीचौघी जा. अर्जाच्या प्रतीवर तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय उठू नका, साहेब कितीही "बघतो" म्हणाले तरी.