तबकडीवरचा सिनेमा : रेषा किती, पैसे किती?

चित्रपटांच्या तबकड्यांचा व्यवसाय जगभर आवरता घेतला जात आहे. अमेरिकेत १९९८पासून टपालाने डीव्हीडी घरपोच करणाऱ्या नेटफ्लिक्सने ती सेवा सप्टेंबर २०२३मध्ये थांबविली. ‘बेस्ट बाय’ या तेथील बड्या दुकानसाखळीने २०२४मध्ये चित्रपटांच्या तबकड्यांची विक्री बंद केली. त्याच वर्षाच्या अखेरीस एलजीने आपल्या ब्लू-रे प्लेअरचे उत्पादन थांबविले, तर फेब्रुवारी २०२५मध्ये सोनीने कोऱ्या ब्लू-रे तबकड्या बनविणे बंद केले. मुंबईकर रसिकांना हा अनुभव आधीच आला होता. काळा घोडा येथील ‘ऱ्हिदम हाऊस’ने फेब्रुवारी २०१६मध्ये दरवाजे बंद केले, तेव्हाच शहरातील तबकड्यांच्या बाजाराचा अस्त स्पष्ट झाला होता.

असे असताना घरी चित्रपटांचा संग्रह करणे हा निव्वळ हट्ट वाटू शकेल. परंतु नाण्याला दुसरी बाजू आहे. डिसेंबर २०२३मध्ये सोनीने प्लेस्टेशनच्या ग्राहकांना कळविले की, त्यांनी पैसे मोजून ‘विकत’ घेतलेले डिस्कव्हरी वाहिनीचे कार्यक्रम त्यांच्या खात्यांतून काढून टाकले जातील. ओरड झाल्यावर तो निर्णय मागे घेण्यात आला. मात्र इंटरनेटवर विकत घेतलेल्या वस्तूची मालकी किती तकलादू असते, हे त्यातून उघड झाले. कॅलिफोर्निया राज्याने तर त्यासाठी कायदाच केला. ग्राहकाला मिळणारा तो केवळ परवाना आहे, हे स्पष्ट न सांगता ‘विकत घ्या’ असा शब्द वापरण्यास तेथे १ जानेवारी २०२५पासून मनाई आहे. कपाटातील तबकडी मात्र कोणी दुरून पुसून टाकू शकत नाही. म्हणूनच संग्राहकांचा एक छोटा, पण चिवट वर्ग टिकून आहे. त्याच्यापुढचा प्रश्न तबकडी घ्यावी की नाही, हा नाही. कोणती घ्यावी, हा आहे. डीव्हीडी, ब्लू-रे की फोर-के?

प्रथम आकडे पाहू. आपल्याकडे प्रचलित असलेल्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर प्रत्येक चित्रचौकटीत ७२० गुणिले ५७६, म्हणजे सुमारे ४ लाख १५ हजार चित्रबिंदू असतात. ब्लू-रेवर ते १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २० लाख ७४ हजार होतात. फोर-के, अर्थात अल्ट्रा एचडी ब्लू-रेवर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे जवळजवळ ८३ लाख. ब्लू-रे डीव्हीडीच्या पाचपट आणि फोर-के ब्लू-रेच्या चौपट, असा हा हिशेब आहे. डीव्हीडी १९९६मध्ये जपानमध्ये अवतरली, ब्लू-रे २००६मध्ये आणि फोर-के तबकडी २०१६मध्ये. दर दहा वर्षांनी एक पायरी वर गेली आणि प्रत्येक वेळी ग्राहकाने तोच चित्रपट पुन्हा विकत घ्यावा, अशी उद्योगाची अपेक्षा राहिली. ती प्रत्येक वेळी पुरी करण्याचे कारण नाही.

कारण पहिला निवाडा आकडे करीत नाहीत, डोळा करतो. निरोगी डोळ्याला साधारणपणे एका अंशाच्या साठाव्या भागापर्यंतचा तपशील वेगळा ओळखता येतो. या मापाने ५५ इंची पडद्याचे गणित मांडले, तर डीव्हीडीचे बिंदू सुमारे साडेतेरा फुटांपलीकडे एकमेकांत मिसळतात, ब्लू-रेचे सुमारे सात फुटांपलीकडे आणि फोर-केचे साडेतीन फुटांच्या थोडे पलीकडे. मुंबई-पुण्यातील सदनिकांच्या दिवाणखान्यात सोफा आणि टीव्ही यांत आठ-दहा फुटांचे अंतर असते. त्या अंतरावरून डीव्हीडी आणि ब्लू-रे यांतील फरक कोणालाही दिसेल. ब्लू-रे आणि फोर-के यांतील निव्वळ बिंदूंचा फरक मात्र बहुतेकांच्या नजरेत भरणार नाही. प्रोजेक्टर लावून भिंतभर चित्र पाहणाऱ्यांची गोष्ट वेगळी. पडदा मोठा झाला की हे सारे अंतर त्याच प्रमाणात वाढते.

मग फोर-केचा एवढा गाजावाजा कशासाठी? त्याचे खरे बळ बिंदूंच्या संख्येपेक्षा रंग आणि प्रकाश यांत आहे. डीव्हीडी आणि ब्लू-रे प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ छटा नोंदवितात. फोर-के तबकडी १०२४ नोंदविते. एचडीआर या तंत्रामुळे गडद सावली आणि झगझगीत उजेड एकाच चौकटीत तपशिलासह राहू शकतात. दिव्यांच्या रोषणाईतील रात्र किंवा मावळतीचे आकाश यांत हा फरक दहा फुटांवरूनही जाणवतो. अट इतकीच की, टीव्हीमध्ये तेवढी प्रखरता दाखविण्याची ताकद हवी. खोक्यावर ‘एचडीआर’ असे छापलेल्या स्वस्त संचांत ती बहुधा नसते. अशा संचावर महागडी तबकडी लावून ब्लू-रेहून फारसे काही अधिक मिळत नाही.

दुसरा निवाडा तबकडी कशी भरली आहे, यावर होतो. दुपदरी डीव्हीडीत साडेआठ गिगाबाइट मावतात. अडीच तासांचा एकच चित्रपट तीवर असेल, तर दर सेकंदाला सुमारे साडेसात मेगाबिट माहिती मिळते आणि चित्र देखणे दिसते. पण आपल्याकडे ‘एकात तीन’ अशा तबकड्यांची चलती होती. एकपदरी, ४.७ गिगाबाइटच्या तबकडीवर अडीच तासांचे तीन चित्रपट कोंबले की दर सेकंदाला १.४ मेगाबिटही वाट्याला येत नाहीत. रेषा कागदावर तेवढ्याच राहतात. चित्रात मात्र चौकोनी ठिगळे दिसू लागतात. त्यात अनेक डीव्हीडींवर रुंद पडद्याचा चित्रपट जुन्या चौकोनी चौकटीत, वर-खाली काळे पट्टे देऊन बसविलेला असे. सिनेमास्कोपच्या चित्रपटाला अशा वेळी ५७६ रेषांपैकी जेमतेम ३२७ मिळतात. शिवाय सेकंदाला २४ चौकटींचा चित्रपट पाल डीव्हीडीवर बहुधा २५ चौकटींच्या वेगाने धावतो. त्यामुळे अडीच तासांचा चित्रपट सहा मिनिटे आधीच संपतो आणि गाण्यांचा सूर किंचित चढतो. ब्लू-रेवर मूळचा वेग कायम ठेवता येतो. जुन्या हिंदी-मराठी गाण्यांच्या दर्दी श्रोत्याला हा मुद्दा रेषांहून महत्त्वाचा वाटेल.

तिसरा आणि सर्वांत निर्णायक निवाडा मुळाचा आहे. आडात नसेल, तर पोहऱ्यात येणार नाही. पस्तीस मिलिमीटरच्या मूळ निगेटिव्हमध्ये साधारणपणे फोर-केला पुरेल इतका तपशील असतो. म्हणूनच पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा चित्रपट नीट जतन आणि नव्याने स्कॅन केला, तर तो फोर-केवर थक्क करून सोडतो. सत्यजित राय यांच्या ‘अपू’ चित्रत्रयीच्या मूळ निगेटिव्ह १९९३मध्ये लंडनच्या प्रयोगशाळेतील आगीत होरपळल्या होत्या. त्यांच्या उरल्यासुरल्या भागांवरून आणि इतर प्रतींवरून फोर-के पुनरुज्जीवन झाले व २०१५मध्ये ते ब्लू-रेवर आले. ‘शोले’च्या मूळ निगेटिव्हचीही दुरवस्था झाली होती. तरीही अन्य प्रतींच्या आधारे त्याची पुनरुज्जीवित फोर-के आवृत्ती, मूळच्या शेवटासह, जून २०२५मध्ये इटलीतील बोलोन्या येथे दाखविली गेली.

याउलट, एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांतील अनेक चित्रपटांचे अंतिम संस्करण संगणकावर टू-के मापात, म्हणजे ब्लू-रेहून किंचितच मोठ्या चौकटीत झाले. त्यांची फोर-के तबकडी बहुतेकदा त्याच चौकटीला ताणून तयार होते. रंग सुधारतात, तपशील नव्हे. आणखी टोकाचे उदाहरण २००२च्या ‘ट्वेंटी एट डेज लेटर’ या ब्रिटिश चित्रपटाचे. तो बहुतांशी घरगुती वापराच्या मिनी-डीव्ही प्रकारच्या कॅमेऱ्यावर चित्रित झाला. त्याचे मूळच डीव्हीडीच्या मापाचे असल्याने वरच्या दर्जाची तबकडी त्यात तपशिलाची फारशी भर घालू शकत नाही. नव्वदच्या दशकात व्हिडिओ टेपवर चित्रित झालेली नाटके आणि मालिका यांनाही हाच न्याय लागू होतो. त्यांच्यासाठी चांगली भरलेली डीव्हीडी पुरेशी आहे.

या सर्वांत इंटरनेटवरून थेट पाहण्याचा पर्याय कोठे बसतो? नेटफ्लिक्स फोर-केसाठी सेकंदाला १५ मेगाबिट वेगाच्या जोडणीची शिफारस करते. साध्या ब्लू-रेवर केवळ चित्रासाठी ४० मेगाबिटपर्यंत मुभा असते आणि फोर-के तबकडी १२८ मेगाबिटपर्यंत जाऊ शकते. इंटरनेटवरील संकोचनतंत्र अधिक आधुनिक असले, तरी अंधारी दृश्ये, धुके, पाऊस अशा ठिकाणी चांगली ब्लू-रे अनेकदा ‘फोर-के’ प्रक्षेपणाला मागे टाकते. आवाजात तर तिचे वर्चस्व निर्विवाद आहे, कारण तबकडीवर ध्वनी काटछाटीविना ठेवता येतो.

खरेदी करताना आणखी एक पथ्य पाळावे लागते. डीव्हीडीच्या जागतिक वाटणीत भारत पाचव्या विभागात, तर अमेरिका पहिल्या विभागात येते. ब्लू-रेच्या वाटणीत भारत ‘सी’ आणि अमेरिका ‘ए’ विभागात आहे. न्यू जर्सीहून भावाने प्रेमाने आणलेली तबकडी ठाण्यातील प्लेअर नाकारतो, तो यामुळे. फोर-के तबकड्यांना ही विभागवार कुलुपे नाहीत, हा त्यांचा दुर्लक्षित, पण मोठा गुण होय. फोर-के प्लेअर ब्लू-रे आणि डीव्हीडी दोन्ही चालवितो. उलट मात्र होत नाही. प्लेअरची निवड वर्षागणिक आकसत असल्याने संग्रह वाढविण्याआधी चांगला प्लेअर गाठीशी असणे शहाणपणाचे.

मराठी संग्राहकाची अडचण मात्र निराळी आहे. त्याला निवडीची चैनच नाही. २००७च्या सुमारास मोजर बेअर कंपनीने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकायला सुरुवात केली, तेव्हा चित्रपट घरोघर पोहोचले. त्या कंपनीचे पुढे दिवाळे निघाले आणि २०१८मध्ये ती अवसायनात गेली. ब्लू-रेवर आलेले मराठी चित्रपट अपवादात्मकच. त्यामुळे अनेक घरांतून आजही व्हीसीडीच आहेत; त्यांच्यावर ३५२ गुणिले २८८, म्हणजे डीव्हीडीच्या चौथ्या हिश्श्याएवढेच बिंदू असतात. ‘आता सगळे मोबाइलवर मिळते’ म्हणून त्या रद्दीत काढण्याची घाई होते. ते घातक आहे. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जानेवारी २००३मध्ये लागलेल्या आगीत प्रभातच्या चित्रपटांसह अनेक जुन्या चित्रफिती भस्मसात झाल्या. राष्ट्रीय चित्रपट वारसा मोहिमेतून सुमारे २,२०० चित्रपटांच्या पुनरुज्जीवनासाठी ३६३ कोटी रुपयांची योजना २०२२मध्ये जाहीर झाली, ही दिलासादायक बाब आहे. परंतु तसे पुनरुज्जीवित मराठी चित्रपट सामान्य रसिकाला विकत घेता आले नाहीत, तर घरातील धूसर प्रतच त्याच्यापुरती एकमेव राहील.

टिकाऊपणाचा हिशेबही मांडायला हवा. कारखान्यात छापलेली तबकडी दीर्घकाळ टिकते. पण ती अमर नाही. वॉर्नर ब्रदर्सने २००६ ते २००८ या काळात बनविलेल्या काही डीव्हीडी बिघडत असल्याचे २०२५मध्ये कंपनीनेच मान्य करून त्या बदलून देण्याची तयारी दाखविली. घरी नकलून काढलेल्या तबकड्या त्याहून नाजूक, कारण त्यांतील माहिती रंगद्रव्याच्या थरावर असते आणि तो ऊन, उष्णता यांनी विटतो. लग्न-मुंजींची चित्रणे अशा तबकड्यांवर असतील, तर ती विनाविलंब हार्ड डिस्कवर, तीही दोन ठिकाणी, उतरवून घ्यावीत. तबकड्या उभ्या, सावलीत आणि दमटपणापासून दूर ठेवाव्यात, हे वेगळे सांगायला नको.

तात्पर्य, एकाच दर्जाचा आग्रह धरून सारा संग्रह बदलत बसण्यात अर्थ नाही. बहुतेक चित्रपटांसाठी ब्लू-रे हाच खर्च आणि समाधान यांचा योग्य मेळ आहे. फोर-के मोजक्याच चित्रपटांसाठी घ्यावी : जे मूळ फिल्मवरून नव्याने स्कॅन झाले आहेत, जे वारंवार पाहिले जातात आणि ज्यांच्यासाठी घरचा टीव्ही समर्थ आहे. व्हिडिओवर चित्रित झालेल्या आणि अन्य रूपात न मिळणाऱ्या कलाकृतींसाठी डीव्हीडी निःसंकोच ठेवावी. अधिक चांगली प्रत हाती येईपर्यंत जुनी प्रत टाकू नये, हा नियम तर सर्वांत वरचा. रेषा कमी असल्या, तर चित्र पुसट दिसते. प्रतच नसेल, तर काहीच दिसत नाही.