तीन महिन्यांचं अंथरूण

भाऊबीजेला हैदराबादला जायचं हा माझा नेम. बिदरहून सकाळची बस धरायची, झहीराबादवरून इमलीबनला उतरायचं आणि तिथून रिक्षाने काचीगुड्याला अक्काच्या घरी. २०२४ ची भाऊबीज ३ नोव्हेंबरला, रविवारी होती. अक्का ओवाळत होती आणि माझं लक्ष तिच्या हातांकडे गेलं. नुसत्या काचेच्या बांगड्या. आईने लग्नात घातलेल्या चार पाटल्या दिसेनात. विचारलं तर हसून म्हणाली, "त्या दुकानात गेल्या रे."

दाजींचं शालेय सामान आणि कटलरीचं दुकान आहे. दुकान चालत नाही असंही नाही. त्या दिवाळीत तर आत उभं राहायला जागा नव्हती. मग पाटल्या का गेल्या? दाजींना ते नीट सांगता येईना. "मास्तर, गल्ला रोज भरतो. पण महिनाअखेर आली की हातात काही नसतं," एवढंच म्हणाले.

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. १९५१ ते २०१७ या काळातल्या बारा पंचवार्षिक योजना मुलांकडून घोकून घेतो. सख्ख्या बहिणीच्या दुकानाचा हिशेब मात्र मी कधी पाहिला नव्हता. जेवणं झाल्यावर दाजींना म्हटलं, "चला, दुकानात जाऊन बसू." आणि अक्काला म्हटलं, "भांडी राहू दे, तूही चल." शटर अर्धं ओढलं, त्यांच्याच दुकानातली एक शंभर पानी वही घेतली आणि जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांची बिलं काढली.

हिशेब असा निघाला. तीन महिन्यांची विक्री ६ लाख. विक्रीवर शेकडा २५ सुटतात असं धरलं तर नफा १,५०,०००. त्यातून दुकानाचं भाडं ३६,०००, कामावरच्या मुलाचा पगार २७,०००, वीज, हमाली आणि रिक्षा मिळून ६,०००, जीएसटी ६,०००, कर्जाचं व्याज १२,००० आणि घरखर्चाला काढलेले ६०,०००. एकूण खर्च १,४७,०००. उरले ३,०००.

थोडं का होईना, उरलं होतं. तोटा नव्हता. पण खरेदीची बिलं जोडली तर तीही ६ लाखांची. विकला गेलेला माल खरेदीच्या भावाने साडेचार लाखांचाच होता. म्हणजे दीड लाखाचा माल दुकानात आला आणि विकलाच गेला नाही. तो आहे कुठे? आम्ही तिघांनीही एकदमच वर माळ्याकडे पाहिलं. तिथे खोक्यांची उतरंड लागली होती. जुलैत पाटल्या ठेवून ओळखीच्या शेठकडून दोन लाख घेतले होते, महिना दोन टक्क्यांनी. त्यातले पन्नास हजार जुन्या देण्यात गेले आणि दीड लाख माळ्यावर जाऊन बसले.

आपल्याकडचे कितीतरी दुकानदार माल आणायला बेगम बाजारला जातात. बिदर, भालकी, बसवकल्याण, उदगीर, कुठलंही गाव घ्या. तिथे काय होतं ते त्यांना सांगायला नको. यादी दहा वस्तूंची असते. व्यापारी म्हणतो, "लेके जाओ ना भाई, पैसे कां भागे जा रहे?" आणि आपण पंचवीस वस्तू उचलतो. उद्री मिळाली म्हणजे माल फुकट मिळाल्यासारखं वाटतं. दाजी तर त्या बाजारापासून हाकेच्या अंतरावर राहतात. दर आठवड्याला जाणार आणि काही ना काही घेऊन येणार.

आमची आई माहेरची कन्नड. तिचं एक ठरलेलं वाक्य होतं, "हासिगे इद्दष्टु कालु चाचु." आपण मराठीत म्हणतो, अंथरूण पाहून पाय पसरावे. दोन्ही भाषांत म्हण आहे, पण अंथरूण किती लांब आहे हे मोजायचं कधी? वर्षाचं नियोजन छोट्या दुकानदाराला झेपत नाही, कारण एवढ्या पुढचं दिसतच नाही. रोजचा गल्ला पाहून काही कळत नाही, कारण त्यात आपले पैसे किती आणि व्यापाऱ्याचे किती हे दिसत नाही. तीन महिने मात्र बेताचे असतात. तेवढ्यात एखादी चूक झाली तर ती दुरुस्तही करता येते.

शिवाय तीन महिन्यांचा अर्धा हिशेब सरकार आपल्याकडून करून घेतंच. दाजी जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत आहेत. त्यात व्यापाऱ्याला तीन महिन्यांच्या उलाढालीवर १ टक्का कर पुढच्या महिन्याच्या १८ तारखेपर्यंत भरावा लागतो. जे या योजनेत नाहीत, पण ज्यांची उलाढाल ५ कोटींपर्यंत आहे, त्यांनाही २०२१ पासून तिमाही विवरणपत्राची सोय आहे. पैसे मात्र दरमहा भरायचे. म्हणजे विक्रीचा आकडा काढावा लागतोच. आपण तो कर सल्लागाराला देतो आणि विसरून जातो. तोच आकडा वहीत उतरवून पुढच्या तिमाहीचा विचार करायचा, एवढंच आम्ही ठरवलं.

पद्धत अगदी साधी ठेवली. जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी दुपारी बसायचं. एका तिमाहीला वहीचं एकच पान. सगळ्यात वर त्या तीन महिन्यांतले सण, लग्नाच्या तिथी, शाळेच्या तारखा. त्याखाली येणारे पैसे आणि जाणारे पैसे, तारखांसकट: भाडं, पगार, कर, मुलांची फी. त्याखाली खरेदीची मर्यादा. आणि शेवटी या तिमाहीत करायचं एकच काम, आकड्यासकट. दहा कामं लिहिली की त्यातलं एकही होत नाही, हे मी परीक्षेच्या वेळापत्रकांवरून सांगू शकतो.

खरेदीची मर्यादा कशी काढायची ते सांगतो, कारण पाटल्या तिथेच गेल्या होत्या. जानेवारी ते मार्च २०२५ चं पान लिहायला मीही गेलो होतो. आदल्या वर्षी याच तीन महिन्यांत ४ लाखांची विक्री होती. म्हणजे खरेदीच्या भावाने ३ लाखांचा माल लागणार. माळ्यावरचा ६०,००० चा माल यात खपेल असं अक्काचं मत पडलं. मग नवी खरेदी २,४०,००० च्या वर जायची नाही.

एवढ्यात दुकानातला मुलगा म्हणाला, "भाई, अबके ईद मार्च मेंच आती." आम्ही कॅलेंडर उलगडलं. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०२४ मध्ये ईद ११ एप्रिलला होती, २०२५ मध्ये ३१ मार्चला. म्हणजे बांगड्या-मेंदीची जी विक्री आदल्या वर्षी बरीचशी एप्रिलमध्ये झाली, ती सगळी या वेळी मार्चमध्ये होणार. अंदाज ४,४०,००० केला, मर्यादा २,७०,००० झाली. एप्रिलचा अंदाज तेवढाच खाली आणला. हे ना मला सुचलं होतं ना दाजींना. १९३८ पासून हैदराबादेत भरणारं नुमाईश १ जानेवारीला सुरू झालं की दीड महिना आपल्या दुकानातली गर्दी ओसरते, हे अक्कानेच लक्षात आणून दिलं. वही एकट्या मालकाने लिहायची नसते, ती यासाठी.

आपल्या सणांचंही तसंच. २०२५ मध्ये दसरा २ ऑक्टोबरला होता, त्यामुळे बतुकम्माची सगळी खरेदी सप्टेंबरमध्येच उरकली. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्याने दसरा २० ऑक्टोबरला, म्हणजे तीच खरेदी पुढच्या तिमाहीत. जुन्या आकड्यावर डोळे मिटून चाललं तर सप्टेंबरमध्ये माल पडून राहायचा आणि भाड्याला पैसे नसायचे.

सगळं सरळ झालं असं नाही. राखीच्या वेळी दाजी मर्यादा ओलांडून आले आणि १२,००० च्या राख्या उरल्या. अक्काने ऑक्टोबरच्या बैठकीत तो आकडा लाल पेनाने पानाच्या मधोमध लिहिला. दाजी काही बोलले नाहीत. पण त्यानंतर ते बेगम बाजारला निघाले की वहीतल्या मर्यादेचा आकडा चिठ्ठीवर लिहून खिशात टाकतात. माळ्यावरचा निम्म्याहून जास्त माल उतरला. वह्या आणि डबे जूनमध्ये पूर्ण भावाने गेले, काही सामान खरेदीच्या भावात गेलं, रंग उडालेलं तोट्यात काढलं. त्या पैशांतून कर्ज दोन लाखांवरून एक लाखावर आलं. महिन्याचं व्याज चार हजारांवरून दोन हजारांवर आलं. उरलेल्या कर्जासाठी बँकेतल्या सोनेतारणाची चौकशी करायची, हे पुढच्या पानावरचं काम आहे. वर्षाला २४ टक्के पडणाऱ्या व्याजापेक्षा ते बरंच स्वस्त असतं. ही चौकशी आम्ही पहिल्याच पानावर लिहायला हवी होती.

वाचकहो, तुमचं दुकान किराण्याचं असेल, पिठाची गिरणी असेल, शिवणकाम असेल किंवा घरगुती पापड-मसाल्याचा उद्योग असेल. येत्या तिमाहीच्या पहिल्या रविवारी एक वही काढा. घरच्या लक्ष्मीला आणि हाताखालच्या माणसाला जवळ बसवा. आधी माळ्यावरचा माल मोजा, मग खरेदीची यादी करा.

२०२५ ची भाऊबीज २३ ऑक्टोबरला होती. अक्काने ओवाळलं तेव्हा तिच्या दोन्ही हातांत एकेक पाटली होती. मी काही बोललो नाही. तीच म्हणाली, "अजून दोन राहिल्यात. वहीत लिहिलंय."